सुटा रेंजफाइंडर घेताना

स्मेना ८ या कॅमेऱ्यात अंतर मोजण्याची सोय नाही, म्हणून त्याच्या शूमध्ये (वरच्या खाचेत) बसणारा ब्लिक हा सोव्हिएत रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक, मला फार मोलाचा वाटतो. पुण्याच्या जुन्या बाजारात असा रेंजफाइंडर दिसला, तर बाहेरच्या चकाकीपेक्षा आधी आतील दुसरी प्रतिमा पाहावी; ती मुख्य प्रतिमेशी जुळवूनच अंतर कळते. अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा उडालेला असल्यास ती इतकी फिकट दिसते की कोणत्याही जुळवणीचा उपयोग होत नाही. आरसा शाबूत असेल, तर चुकलेले माप सहसा सुधारता येते. अंतराची चकती अनंतावर ठेवून सिंहगडावरील दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे पाहावे (समोरची इमारत यासाठी फार जवळची ठरते) आणि दोन्ही प्रतिमा एकरूप होईपर्यंत जुळवणीचा स्क्रू अगदी थोडाथोडा फिरवावा. त्यानंतर टेपने मोजलेल्या २ मीटरवर पडताळणी अवश्य करावी, कारण जवळच्या व्यक्तिचित्रांतच चूक उघडी पडते.