जानेवारीतला तलाव

पुण्यात पारा दहा अंशांच्या खाली घसरला की आमच्या उघड्या जलतरण तलावावर पहाटे जेमतेम पाच-सहा डोकी उरतात आणि त्यांतले एक माझे असते. पाणी छातीला टेकताच श्वास आपसूक आत ओढला जातो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर ठसका ठरलेलाच, म्हणून पहिली दोन-तीन मिनिटे मी कठडा धरून नुसता श्वास सोडत राहतो.

समुद्रात कठडा नसतो. पुण्याच्याच रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून जगातल्या सात सामुद्रधुन्या पोहून जाण्याचे ‘ओशन्स सेव्हन’ हे आव्हान पूर्ण केले, आणि असे करणारे ते पहिले आशियाई ठरले. त्या सातांपैकी आयर्लंड व स्कॉटलंडमधील नॉर्थ चॅनलचे पाणी ऐन उन्हाळ्यातही साधारण १२ ते १४ अंशच असते, आणि नियमानुसार वेटसूट, म्हणजे अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख, चालत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता खेचून घेते, हे ध्यानात घेतले की तिथल्या एका तासाचा अर्थ कळतो.

बाहेर आल्यावरही शरीराचे आतले तापमान काही काळ उतरतच राहते. गेल्या वर्षी हौसेने चाळीस मिनिटे पोहलो आणि ओल्या अंगानेच गप्पा मारत उभा राहिलो. दहा मिनिटांनी हात इतके थरथरू लागले की अर्धा चहा स्वेटरवर सांडला आणि स्कूटरची किल्ली भोकात जाईना. आता आधी अंग पुसून कानटोपी चढवतो, गप्पा नंतर.