डिसेंबर, न्वार आणि झिरोचा बल्ब

डिसेंबर उजाडला की आमच्या चित्रपट मंडळात न्वारच्या, म्हणजे गुन्ह्याच्या, सावल्यांनी भरलेल्या काळोख्या सिनेमांच्या, तीन दिवसांची तयारी सुरू व्हायची. महिना ठरलेला, कारण सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसहाला शाळेच्या सभागृहात खिडक्यांतून येणारा उजेड संपतो. पावसाळ्यातही लवकर अंधारून येतं खरं, पण पत्र्यावर सर वाजायला लागली की १६ मिलिमीटर प्रिंटचा आवाज बुडतो, आणि न्वारची निम्मी गोष्ट तर नायकाच्या तोंडून ऐकायची असते.

खरी मेहनत सभागृह काळं करण्याची. काळा रंग कुठलाही प्रोजेक्टर फेकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे नुसता उजेड न पडलेला पडदा. तेव्हा सभागृह जितकं काळं, तितकाच सिनेमाही. रंगीत, भरगच्च चित्राला थोडी गळती चालून जाते, पण न्वारच्या चौकटीचा अर्धा भाग काळा असतो आणि तिथे दाराखालची फटसुद्धा नडते. खिडक्यांना काळा कार्डपेपर आणि चिकटपट्टी, व्हेंटिलेटरला सतरंजी, स्विचबोर्डवरच्या लाल टिकल्यांना इन्सुलेशन टेप. स्टेजच्या पांढऱ्या विंगा गुंडाळून ठेवायच्या, कारण पडद्यावरून परतलेला उजेड त्यांच्यावर आपटून पुन्हा पडद्यावर येतो. पहिल्या रांगेतले पांढरे शर्टही तेच करतात, म्हणून ती रांग रिकामी ठेवायची. मग सगळे दिवे बंद करून पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं. तेवढ्यानं डोळे सरावल्यावर पडद्याची कड दिसली, तर कुठून तरी उजेड शिरतोय असं समजून पुन्हा शोधाशोध.

झिरोचा बल्ब याच हिशेबातला. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) १०७ मिनिटांचा. १६ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ३६ फूट पळते, म्हणजे साधारण ३,८५० फूट. १,६०० फुटांची एक रीळ ४४ मिनिटं चालते, तेव्हा तीन रिळं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे दोनदा थांबणं आलंच. त्या तीन-चार मिनिटांत कुणी ट्यूबलाइट लावली की डोळ्यांची कमाई गेली, पुन्हा अंधाराला पुरतं सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि तोवर सावलीतला माणूस दिसतच नाही. म्हणून मागच्या भिंतीवर झिरोचा बल्ब, त्यावर गणपतीच्या आराशीतून उरलेला लाल जिलेटिन कागद. लाल उजेडानं सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. चहा त्याच उजेडात. वडे मात्र सिनेमा संपल्यावर, कारण कागदाची पुरचुंडी फार वाजते.

रीळ चढवताना चूक व्हायची ती खालच्या लूपमध्ये, म्हणजे फिल्मच्या सैल सोडलेल्या वळणात. प्रोजेक्टरच्या भिंगामागच्या खिडकीपाशी फिल्म थांबत थांबत सरकते, आवाज मात्र सलग धावणाऱ्या फिल्मवरून वाचायचा असतो. म्हणून १६ मिलिमीटरमध्ये आवाज आपल्या चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो आणि ते अंतर लूपच्या मापावर टिकतं. लूप लहान-मोठा झाला की ओठ आणि शब्द यांची फारकत होते. तो पार नाहीसा झाला तर चित्र उड्या मारतं आणि फिल्मची भोकं फाटतात. तेव्हा मोटर लावण्याआधी हातानं चाक फिरवून बघायचं. घाईत हेच राहून जातं.

पुढे डीव्हीडी आली आणि दुखणी बदलली. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, त्यामुळे १०७ मिनिटांचा सिनेमा १०३ मिनिटांत उरकतो आणि आवाज किंचित चढा लागतो. ते सोसता येतं. सोसवत नाही ते जवळपास चौकोनी चित्र पडदाभर ताणणं. सगळे नट बुटके होतात आणि शहरातल्या उंच, दडपून टाकणाऱ्या इमारती चाळीसारख्या बसक्या दिसतात. प्रोजेक्टरची सगळ्यांत झगझगीत सेटिंगही पहिल्यांदा काढून टाकायची. सावलीतलं सगळं उजळून दाखवायचं हे तिचं काम, आणि न्वारमध्ये तेच नको असतं.

प्रास्ताविक पाच मिनिटांचं, घड्याळ लावून. हे नाव हॉलिवूडनं ठेवलेलं नाही, फ्रेंचांनी ठेवलंय, एवढं तरी त्यात यायचंच. युद्धात फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येणं बंद होतं. १९४६ साली ते पॅरिसमध्ये एकदमच लागले, आणि इतके काळवंडलेले सिनेमे ओळीनं पाहून समीक्षक नीनो फ्रँक यांनी त्यांना ‘फिल्म न्वार’ म्हटलं. बनवणारे त्यांना मेलोड्रामा किंवा गुन्हेपट म्हणत. शेवट सांगायचा नाही, हा मंडळाचा नियम इथे जरा विनोदीच ठरायचा. ‘डबल इन्डेम्निटी’त नायक सुरुवातीलाच ऑफिसच्या आवाज टिपणाऱ्या यंत्रावर गुन्हा कबूल करून मोकळा होतो.

त्याच सिनेमातलं एक दार दर वर्षी चर्चेला यायचं. विमा कंपनीतला वरिष्ठ नायकाच्या फ्लॅटमधून बाहेर पडतो, त्याच वेळी नायिका तिथे पोचते आणि उघड्या दाराआड, बाहेरच्या पॅसेजमध्ये लपते. तिघं एकाच चौकटीत, मध्ये फक्त दाराची फळी. प्रसंग इतका ताणलेला की एक गोष्ट लक्षातच येत नाही, ती म्हणजे हे दार पॅसेजच्या बाजूला उघडतं. अमेरिकेत फ्लॅटचं दार आत उघडतं. दिग्दर्शक बिली वाइल्डर यांना तिच्यासाठी लपायला जागा हवी होती, म्हणून बिजागऱ्या उलट्या लावल्या. आपल्या प्रेक्षकाला हे खटकतच नाही, कारण आपलं सेफ्टी डोअर बाहेरच उघडतं.

‘डीटूर’ (१९४५) बाबतही तेच. सत्तर मिनिटांच्या आतला, अगदी थोड्या पैशांत काढलेला सिनेमा. नायक वाटेत गाड्या थांबवत पश्चिमेला निघालाय. नकाशावर पश्चिम डावीकडे, म्हणून प्रवास पडद्यावर उजवीकडून डावीकडे दिसायला हवा. त्यासाठी काही शॉट निगेटिव्ह उलटवून छापले. परिणाम असा की अमेरिकेतल्या गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं धावतात आणि चालक उजवीकडे बसतो. अमेरिकन प्रेक्षक तिथे हसतो. आमच्या सभागृहात ही चूक आपणहून कुणाच्या नजरेला यायची नाही. मग प्रोजेक्टर थांबवून दाखवावी लागायची.

रविवारी सकाळी सिनेमा नसायचा, उजेडाचं प्रात्यक्षिक असायचं. मंडळातल्या लहान पोरांना सगळ्यांत आवडायचं ते हेच. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांची सावली चेहऱ्यावर पाडायची. काळ्या पुठ्ठ्यात एकेक इंचाच्या चिरा, मध्ये एकेक इंच पुठ्ठा. उजेडाला जुना स्लाइड प्रोजेक्टर, कारण सावलीची कड धारदार हवी तर उजेडाचा उगम लहान लागतो. पुठ्ठा दिव्यापासून सहा फुटांवर आणि भिंत त्यापुढे दोन फुटांवर असली, तर एक इंच भिंगाच्या दिव्याची कड जेमतेम तिसरा हिस्सा इंच पुसट होते. तोच पुठ्ठा दिव्यापासून दोन फुटांवर आणला की भिंत सहा फूट लांब पडते, पुसटपणा तीन इंचांचा होतो आणि पट्ट्यांचा नुसता राखाडी चिखल. मांडववाल्याचा हॅलोजन वापरून हेच व्हायचं. नळी पट्ट्यांना समांतर आडवी धरली तर थोडं सुधारतं, पण मागचा चकचकीत पत्रा उरलेलं बिघडवतोच.

मग ऊद. किरण हवेत दिसत नाही, हवेतल्या कणांवर दिसतो. त्यातही दिवा पाहणाऱ्याच्या समोर, धुराच्या पलीकडे हवा. तसा ठेवला की उजेडाचे पट्टे हवेत उभे राहतात. तोच दिवा पाहणाऱ्याच्या पाठीशी नेला तर सगळा धूर उजळतो आणि काळ्या भागावर राखाडी साय धरते. ‘डबल इन्डेम्निटी’त छायाचित्रकार जॉन साइट्झ यांनी बंद घरातली धूळ दिसावी म्हणून हवेत ॲल्युमिनियमची पूड उडवली होती. आमचं काम दोन आण्यांच्या उदावर भागायचं.

एवढं डोळ्यांनी पाहून झालं की दुपारी नवे सिनेमे लावायचे. हा क्रम मोडला की चर्चा टोपी, सिगारेट आणि पाऊस यांच्यावरच घुटमळते. ‘चायनाटाउन’ (१९७४) रंगीत, बराचसा भर उन्हातला. तरी तो न्वारच, कारण गुप्तहेराला कळतं तेवढंच आपल्याला कळतं, आणि त्याला कळतं ते दर वेळी थोडं चुकीचं. कोएन बंधूंचा ‘द मॅन हू वॉजन्ट देअर’ (२००१) कृष्णधवल दिसतो, पण तो रंगीत फिल्मवर चित्रित करून कृष्णधवल छापलेला आहे. त्याचे करडे रंग जुन्या फिल्मपेक्षा गुळगुळीत लागतात. आदल्या दिवशी जुनी प्रिंट पाहिलेली असेल तरच हा फरक डोळ्यांत भरतो.

आपल्याकडच्या सिनेमांवर वाद अटळ. राज खोसलांचा ‘सी.आय.डी.’ (१९५६), व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्यातला, सावल्यांच्या बाबतीत कुठल्याही अमेरिकन सिनेमाच्या शेजारी बसवावा असा. पण त्याचा नायक सज्जन पोलीस, म्हणजे न्वारचं कातडं आहे, मन नाही. हे मत मंडळात कधीच एकमतानं संमत झालं नाही. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’चं (१९६४) नाव हमखास निघायचं, आणि त्यावरून दोन वर्षांनी ‘मेरा साया’ काढणारे हेच राज खोसला, हेही. श्रीराम राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’वर (२००७) मात्र भांडण नसायचं. गद्दार कोण ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, आणि तरीही तो सापडू नये असं आत कुठेतरी वाटत राहतं.

रविवारी रात्री रिळं उलटी गुंडाळायची. फिल्म दोन बोटांत कडेनं धरायची, मधे बोट लागू द्यायचं नाही. फाटलेलं भोक हाताला लागलं की तिथे कागदाची चिठ्ठी घालायची, म्हणजे प्रिंट परत जाताना कोणत्या रिळाला काय झालं ते डब्यावर लिहिता येतं. खिडक्यांवरचा कार्डपेपर काढून, घडी घालून, पुढच्या डिसेंबरसाठी शाळेच्या माळ्यावर.