बनगरवाडी उतरवताना: वही दुसरी, आणि ‘हाय’चं ‘आहे’

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी मी शाईच्या पेनानं वह्यांत उतरवून काढतोय. त्यातली दुसरी वही गणपतीआधी संपवतो अशी मागच्या वेळी इथं फुशारकी मारली होती. संपायचं राहू द्या, काल रात्री तिच्यातली नऊ पानं फाडून टाकली. आणि या खेपेला दोष शाईचा नाही, कागदाचा नाही, पेनाचाही नाही.

आधी पेनाचं सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही तेच विचारणार. एबोनाइटचं (म्हणजे कडक रबराचं) ते काळं आयड्रॉपर, ज्याच्या पोटातच थेट शाई भरतात, अजून तेच. टाकी निम्म्याखाली गेली की ओकायचं. हाताच्या उबेनं आतली हवा फुगते, शाईला खाली रेटते, आणि टपोरा ठिपका पडतो तो नेमका सुबक आलेल्या ओळीवर. इलाज अगदी बाळबोध निघाला: निम्मी झाली की भरून घ्यायची, संपायची वाट बघायची नाही. दोन आठवड्यांत एकही ठिपका नाही! रॉयल ब्लू शाई सोडली. चहाच्या कपाखालची ओल लागली आणि कारभाऱ्याचं, म्हणजे वाडीच्या म्होरक्याचं, अख्खं बोलणं निळं आभाळ होऊन गेलं. आता आयर्न गॉल, म्हणजे लोहाची, पाण्यानं सहज न जाणारी शाई. निब दर रविवारी धुवावी लागते, पण निळं अक्षर वाळता वाळता काळं पडताना बघायला मी रोज दोन मिनिटं उगाच थांबतो. कागदाबद्दल एवढंच, की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका काकांनी ‘शाई फुटणारच नाही’ म्हणून गळ्यात मारलेल्या सहा रजिस्टरांत ती फुटतेच. पाठपोट लिहायचा नाद सोडलाय.

आता मूळ दुखणं. आपला नियम ठरलेला: जसं छापलंय तसं, शब्द न् शब्द. पान झालं की ताडून बघायचं, चूक लाल पेन्सिलीनं. पहिल्या वहीत डोळा घसरायचा. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दानं झाला की मधली ओळ गायब. त्यावर बसचं तिकीट ओळीखाली धरायची युक्ती लागू पडली, ते मागे लिहिलंच आहे. पण वाडीची माणसं जास्त बोलायला लागली तशा चुका वाढायला लागल्या. यादी केली. नऊ पानांत एकतीस चुका, त्यातल्या सव्वीस संवादांत, आणि सगळ्या एकाच जातीच्या. ‘हाय’चं ‘आहे’. ‘न्हाई’चं ‘नाही’. ‘व्हय’चं ‘होय’. डोळे ‘हाय’ वाचतात, मनातही ‘हाय’च उमटतं, आणि निब ‘आहे’ लिहून मोकळी होते.

हळू लिहून पाहिलं. वाढल्या! मग अक्षर अक्षर सुटं बघून लिहिलं, बँकेचा फॉर्म भरतात तसं. चुका शून्यावर आल्या. त्या खुशीत सलग चार पानं ओढली आणि पेन खाली ठेवल्यावर लक्षात आलं, वाडीतल्या शेकूची बायको बैलाच्या जागी जुवाला खांदा देते ते पान मी आत्ता लिहून संपवलं होतं. मला काहीही वाटलं नव्हतं. वेलांट्या तेवढ्या बरोबर होत्या.

ही नऊ आणि ही चार, दोन्ही वाया. (शेकूची फाडली नाहीत, मागे टाचून ठेवलीत.)

रूममेट सांगलीतल्या जतकडचा, बोली वाडीच्या जवळची. माझा पेनांचा पसारा त्याला मुळीच पटत नाही. पण काल पानं फाडताना बघून म्हणाला, “आण इकडं. मी वाचतो, तू लिव.” त्यानं काही आवाज लावून, नाटकात वाचतात तसं वाचलं नाही. नुसतं वाचलं. चार पानं झाली, दोन चुका! मी उड्या मारायच्या बेतात होतो. त्यानं वही घेतली, त्या दोन जागांवर बोट ठेवलं आणि सहज म्हणाला, “फस्ट इयरला बी असंच करायचास.”

मला आठवेना. मग आठवलं. मेसमध्ये तो ‘पानी दे’ म्हणायचा आणि मी ‘पाणी’ म्हणत जग सरकवायचो. टेबलावर हशा. चार-पाच वेळा झालं असेल. त्यानंतर तो ‘जग दे’ म्हणायला लागला. दोन वर्षं मी समजत होतो, त्याची बोलायची तऱ्हाच तशी आहे.

यानंतर पुस्तक पुन्हा पहिल्यापासून उघडलं तेव्हा गोष्ट सांगणारा राजाराम मास्तर वेगळाच दिसला. हा पोरगा वाडीला शिकवायला आलेला आहे, दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. स्वतः शाळेतल्या मराठीत सांगतो. पण कारभाऱ्यानं तोंड उघडलं की जे पडलं ते तसंच उचलतो, त्यावर लाल पेन्सिल नाही. माडगूळकर वाडीच्याच माणदेशातले, शिवाय हाताशी चित्रकाराची रेघ. ही कादंबरी 1955 ची, आणि मी आज ती बघून उतरवतानाही बिघडवतोय.

कॉलेजात याच पुस्तकावर ‘कादंबरीतून मिळणारा जीवनसंदेश’ असा दहा मार्कांचा प्रश्न असतो. गाईडमध्ये पहिला मुद्दा ‘एकजुटीचे महत्त्व’. तालमीपुरतं खरं आहे, वाडी राबून तालीम उभी करते, संस्थानचा राजा येतो, सगळं साजरं होतं. पण पुढे पाऊसच पडत नाही, मेंढरं मरतात, माणसं घरं टाकून निघून जातात. तिथं एकजूट काय करणार? गाईडवाल्यानं बहुतेक तालमीपाशी वाचन थांबवलंय.

पुढचा बेत: संवाद तपकिरी शाईनं आणि निवेदन काळ्यानं करणार होतो. शाईची बाटलीही आणली. पण हे लिहिता लिहिताच वाटायला लागलंय की वाडीच्या माणसांचं बोलणं रंगवून वेगळं काढलं, तर ते कपाटात मांडल्यासारखं होईल. रद्द. तपकिरी बाटली कुणाला हवी असेल तर सांगा, सीलबंद आहे.

शंका आली म्हणून आत्ताच पहिली वही काढली. पहिल्या पाच पानांत चौदा ‘आहे’, आणि तेव्हा ताडून बघताना एकही दिसलं नव्हतं. म्हणजे तीही पुन्हा. वाडीतल्या अंजीच्या चोळीचं प्रकरण, ज्याचं अक्षर मी तुम्हाला कौतुकानं दाखवलं होतं, तेही त्यातच गेलं. दिवाळी विसरा, संक्रांत धरा. रोज मेसनंतर साडेनऊला तो तीन पानं वाचणार. मोबदला म्हणून एबोनाइटचं पेन मागितलंय, अजून घासाघीस चालू आहे.

आज जेवताना जग त्याच्या बाजूला होता. ‘पानी दे’ जिभेवर आलं होतं, पण ते सोंग झालं असतं. ‘जग दे’ म्हणालो.