तोफेवर लावलेलं घड्याळ

"एवढ्या लवकर कुठे निघालीस?" नवरा पांघरुणातूनच पुटपुटला.

माझ्या घड्याळात नऊ वाजत आले होते. नऊला लवकर म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी बूट घातले, पाण्याची बाटली भरली आणि निघाले. क्रूझवर काही लोक खायला येतात, काही झोपायला. मी उतरायला येते.

परवा आम्ही क्रीटमध्ये होतो, काल दिवसभर नुसता समुद्र आणि आज व्हॅलेटा, माल्टाची राजधानी. रोज संध्याकाळी केबिनच्या दाराशी उद्याच्या कार्यक्रमाचा कागद खोचून जातात. त्यात जेवणाच्या वेळा, नाचगाणी, दागिन्यांवरची सूट असं पुष्कळ असतं, पण मी एकच ओळ वाचते: जहाजावर परत येण्याची शेवटची वेळ. आज ती साडेचार होती. पाच वाजता जहाज हलणार, कोणासाठी थांबणार नाही. फोन विमान मोडवर होता, त्याचा उपयोग फक्त कॅमेरा म्हणून. मनगटावर बाबांचं जुनं चावीचं घड्याळ. एवढंच सामान.

शिडीवर गर्दी नव्हती, आणि सहलीच्या बसगाड्यांपाशीही चिटपाखरू नव्हतं. आज सगळे आळसावलेले दिसतात, असं म्हणून मी खुशीत चालायला लागले.

व्हॅलेटात पायी फिरणाऱ्याला बस-टॅक्सी कशाचीच गरज पडत नाही. जहाज लागतं तेच मुळी तटबंदीच्या पायथ्याशी. धक्क्याला लागून अठराव्या शतकातली गोदामं आहेत, पिंटो नावाच्या ग्रँडमास्टरने, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या सरदारांच्या प्रमुखाने बांधलेली. दरवाजांचे रंग मालावरून ठरवलेले: निळा मासळीचा, हिरवा भाजीपाल्याचा, पिवळा गव्हाचा, लाल दारूचा. आता सगळ्याच रंगांमागे कॉफी मिळते. तिथून पाण्याच्या कडेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की तटाला टेकून उभी केलेली एक उंच लिफ्ट दिसते. 58 मीटर वर, थेट बागेत नेऊन सोडते. पहिली लिफ्ट 1905 ची. ती पाडून टाकल्यावर बरीच वर्षं इथे काहीच नव्हतं, आत्ताची 2012 ची. शहाण्या माणसाने वर जाताना लिफ्ट घ्यावी आणि उतरताना पायऱ्या. मी उलटं केलं. व्हिक्टोरिया गेटमधून आत शिरले आणि समोर पायऱ्यांचा रस्ताच लागला. रस्त्याला पायऱ्या नव्हेत, रस्ता म्हणजेच पायऱ्या, दोन्ही बाजूंना घरं आणि वर लाकडी बंदिस्त सज्जे, हिरवे, लाल, निळे. पायऱ्या बुटक्या आणि रुंद आहेत. एकेक चढावी तर पाऊल अडखळतं, दोन-दोन चढाव्यात तर गुडघे बोलायला लागतात.

वर पोचल्यावर मात्र सगळं सरळ होतं. हे शहर हळूहळू वाढलेलं नाही, ते आधी कागदावर आखलं गेलं. 1565 मध्ये ऑटोमन आरमाराने बेटाला वेढा घातला. सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या पंथाने, तो जवळजवळ चार महिने झुंजून परतवला आणि पुढच्याच वर्षी, 28 मार्च 1566 रोजी, या उघड्याबोडक्या टेकडीवर नव्या शहराचा पाया घातला. ग्रँडमास्टर ला व्हॅलेटचं नाव शहराला मिळालं. तो स्वतः 1568 मध्ये गेला, शहर पुरं झालेलं काही त्याने पाहिलं नाही. जेमतेम किलोमीटरभर लांब आणि त्याहून कमी रुंद अशा या पट्ट्यात रस्ते काटकोनात एकमेकांना छेदतात. कुठल्याही चौकात उभं राहून मान वळवली की दूर टोकाला समुद्राचा निळा तुकडा. नकाशा मी दहा मिनिटांत पिशवीत टाकला.

सेंट जॉन्सच्या कॅथेड्रलपाशी आले तर दार बंद. फलकावरची उघडण्याची वेळ माझ्या घड्याळात केव्हाच उलटून गेली होती. मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे बघितलं, तर ते तब्बल एक तास मागे. आता माल्टातल्या चर्चबद्दल मी एक गोष्ट वाचली होती. पुष्कळ चर्चना दोन घड्याळं असतात आणि त्यातलं एक मुद्दाम चुकीची वेळ दाखवतं, सैतानाला प्रार्थनेची खरी वेळ कळू नये म्हणून. म्हटलं, हेच ते सैतानाचं घड्याळ असणार! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी त्याचा फोटोही काढला. दार उघडत नव्हतं याचा खुलासा तर त्याहून सोपा होता. दक्षिण युरोप, इथे कोणाला घाई असते? चालायचंच.

मग वेळ काढायला शहराच्या वेशीकडे गेले. तिथे रेंझो पिआनो या वास्तुविशारदाने बांधलेली संसद आहे, 2015 ची. दगडी भिंतीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेली. शेजारी जुन्या ऑपेरा हाउसचे खांब. 1942 च्या बॉम्बवर्षावात ते पडलं आणि सत्तर वर्षं तसंच पडून राहिलं. आता त्या भग्न खांबांच्या मधोमध उघडं नाट्यगृह केलंय. गावातल्या कित्येकांना हे दोन्ही आवडत नाही म्हणे. मला खांब आवडले, संसदेबद्दल माझं अजून ठरायचं आहे.

परतताना स्ट्रेट स्ट्रीटमध्ये शिरले. नाव ऐकून सरळ रस्ता वाटतो, पण हा स्ट्रेट म्हणजे अरुंद. हात पसरले की गल्ली संपत आली. आधी इथे सरदारांची द्वंद्वं व्हायची, नंतर ब्रिटिश आरमार आलं आणि गल्ली खलाशांची झाली. एका दिवसाची सुट्टी घेऊन बंदरात उतरलेली पोरं इथे दारू, जाझ आणि बायकांच्या शोधात यायची. 31 मार्च 1979 ला शेवटचं ब्रिटिश सैन्य गेलं तसा धंदाही बसला. काही दारांवर जुन्या बारच्या पाट्यांची अक्षरं अजून पुसट दिसतात. मीही एका दिवसापुरतीच उतरलेली, पण हातात पाण्याची बाटली घेऊन. गल्लीला हसू आलं असेल.

कॅथेड्रल एकदाचं उघडलं. बाहेरून ते किल्ल्याच्या कोठारासारखं रुक्ष दिसतं. आत पाऊल टाकलं की सोनं अंगावर येतं. मात्तिया प्रेतीने रंगवलेलं छत बघू, कोरीव भिंती बघू की पायाखाली बघू? पायाखाली सरदारांच्या शेकडो समाध्या आहेत, रंगीत संगमरवर जोडून काढलेली चित्रं: ढाली, मुकुट, तुतारी फुंकणारे देवदूत आणि सांगाडे. कोणाच्या हातात विळा, कोणाच्या हातात वाळूचं घड्याळ. मेलेल्या माणसाच्या अंगावरून चालताना आपोआप पाऊल हलकं पडतं.

पण मी आले होते ते शेजारच्या प्रार्थनागृहातल्या, काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराच्या चित्रासाठी. सेंट जॉनचा शिरच्छेद, 1608, पाच मीटरांहून रुंद. चित्राचा उजवा अर्धा भाग जवळजवळ रिकामा, नुसती तुरुंगाची भिंत आणि गजांतून डोकावणारे दोन कैदी. सगळी माणसं डाव्या कोपऱ्यात दाटलेली. तलवारीने काम अर्धवट झालंय, म्हणून मारेकरी पाठीमागे हात नेऊन कमरेचा सुरा काढतोय. कोणी ओरडत नाही. एक म्हातारी तेवढी डोकं धरून उभी आहे. गळ्यातून वाहिलेल्या रक्तात चित्रकाराने स्वतःचं नाव लिहिलंय, आणि सही केलेलं त्याचं हे एकमेव चित्र. रोममध्ये खून करून पळालेला हा माणूस माल्टात आला, सरदार झाला, काही महिन्यांत मारामारी करून तुरुंगात गेला आणि तिथूनही पळाला. डिसेंबर 1608 मध्ये त्याला पंथातून काढून टाकण्यासाठी सभा भरली ती याच खोलीत, याच चित्रासमोर. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. घड्याळ बघितलं तर साडेबारा. पोटात कावळे ओरडत होते.

कोपऱ्यावर दोन पास्तित्सी घेतल्या, एक रिकोटा चीजची, एक मटारची. होडीच्या आकाराची, पापुद्र्यापापुद्र्यांची, खाल्ल्यावर अर्धी कपड्यांवर सांडणारी वस्तू. कागदात गुंडाळून अप्पर बराक्का बागेत गेले. सकाळी ती लिफ्ट जिथे सोडणार होती, तीच ही जागा.

इथून ग्रँड हार्बर दिसतं आणि तोंडचा घास थांबतो. मधाच्या रंगाचा एकच दगड, त्यातूनच पाण्यात घुसलेली भूशिरं, तट आणि घरं उगवलेली. समोर सेंट अँजेलोचा किल्ला, म्हणजे काराव्हाज्जोचा तुरुंग. उजवीकडे सेंग्लेआ गावाच्या टोकाला टेहळणीचा दगडी मनोरा, त्यावर कोरलेला डोळा आणि कान. कठड्याखालच्या सज्जात ओळीने तोफा आणि जुन्या ब्रिटिश गणवेशातले गोलंदाज. लोक कठड्याशी गर्दी करायला लागले. माझ्या घड्याळात एकला दोन मिनिटं कमी होती.

तोफ उडाली तेव्हा मटारची पास्तित्सी हातातून सुटली.

शेजारी टोपी घातलेले एक आजोबा मजेत उभे होते. मी त्यांना विचारलं, ही बाराची तोफ ना? मग एक तास उशिरा का?

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मनगटाकडे बघितलं. "ग्रीसकडून आलात?"

मी मान हलवली आणि त्याच क्षणी सगळा उलगडा झाला. ग्रीस माल्टाच्या एक तास पुढे आहे. काल रात्री घड्याळं मागे करायची होती. कागदावर नक्कीच लिहिलेलं असणार, मी न वाचलेल्या ओळींत. नवऱ्याचं "एवढ्या लवकर", ओस पडलेली शिडी, कॅथेड्रलचं दार, सगळं आपापल्या जागी बसलं. सैतानाचं घड्याळ बरोबर होतं. सैतानच चुकला होता.

आजोबांनी मग तोफेचं शास्त्र सांगितलं. ही तोफ पर्यटकांसाठी नव्हतीच, ती खाली उभ्या असलेल्या जहाजांसाठी. कप्तान तिच्यावर आपलं घड्याळ लावायचे, कारण समुद्रात रेखांश कळतो तो घड्याळावरून. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे घड्याळ चार मिनिटं चुकलं की नकाशावर जहाज एका अंशाने चुकलं. या अक्षांशावर तो अंश साधारण 90 किलोमीटरांचा. जहाजावर आवाजाची वाट बघत नसत, धुराकडे बघत, कारण आवाज मागून येतो.

मी मनातल्या मनात गणित केलं. माझं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे 15 अंश. माझ्या हिशोबाने आमचं जहाज इथे नव्हतंच, पार साडेतेराशे किलोमीटर पश्चिमेला, अल्जीरियातल्या ओरानच्या आसपास होतं. आजोबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की टोपी काढावी लागली. निघताना "साहा" म्हणाले. माल्टी भाषेत निरोप घ्यायचा तो असा, शब्दाचा अर्थ आरोग्य. भाषा अरबीच्या कुळातली, लिपी रोमन, आणि आभार मानायचे ते इटालियनमधून, "ग्रात्सी". मीही ग्रात्सी म्हणून घेतलं आणि घड्याळ लावलं. बारा वाजून दहा मिनिटं.

एक अख्खा तास फुकट मिळाला होता. तो कुठे घालवायचा हे समोरच दिसत होतं. पायऱ्यांनी खाली उतरले (गुडघ्यांनी आता तक्रार सोडून दिली होती) आणि जुन्या कस्टम हाउसपाशी दायसात बसले. गोंडोलाच्या चुलत भावासारखी दिसणारी, दोन्ही टोकं वर वळलेली रंगीत होडी. पूर्वी उभ्याने वल्हवायचे, आता मागे मोटर. काही मिनिटांत पलीकडे बिरगूत.

व्हॅलेटाच्या आधी सरदारांचं बस्तान इथे होतं, 1530 पासून. वेढाही याच गल्ल्यांनी सोसला. व्हॅलेटाचे रस्ते पट्टीने आखलेले, इथले मात्र पाय नेतील तसे वळत जातात. मी दोनदा हरवले आणि दोन्ही वेळा त्याच कुंड्यांनी भरलेल्या दारापाशी आले. दुसऱ्या खेपेला दारातल्या मांजरीने ओळख दाखवली. दुकानं थोडी, आवाज त्याहून थोडे. कुठेतरी कुकरसारखी शिट्टी, कुठेतरी रेडिओ. बघण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर मला यादी देता येणार नाही, पण पुन्हा व्हॅलेटाला गेले तर आधी बिरगूला जाईन.

साडेतीनला जहाजावर परत. नवरा डेकवर खुर्ची टाकून बसला होता. तोही दोन तास शहरात फिरून आला होता, गर्दीतून.

"काल रात्रीच एक तास मागे केलं होतं ना?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो. कागदावर पहिल्याच ओळीत होतं. का?"

मी काही बोलले नाही. चारला तोफ पुन्हा उडते हे आजोबांनी सांगितलं होतं. कठड्याशी जाऊन उभी राहिले, बाबांच्या घड्याळाला चावी दिली. वर तटाच्या कडेवर एकदम पांढऱ्या धुराचा गोळा उमटला. एक, दोन असं मोजेपर्यंत आवाज आला. नवरा खुर्चीतून दचकून उठला आणि हातातली कॉफी त्याच्या शर्टावर सांडली.