पेप ३३३३ आणि ‘पुणे’चे १२ बाइट

आमच्या साइटवरच्या पानांचे पत्ते देवनागरीत आहेत. टीममध्ये कुणी नवीन आलं की कोडमधल्या एका ओळीपाशी थांबतं: पाथ-इन्फो (पत्त्यातला पानाचा भाग) आधी लॅटिन-१मध्ये (पश्चिम युरोपीय भाषांचं एन्कोडिंग) एन्कोड, म्हणजे मजकुराचे बाइट; मग यूटीएफ-८मधून (सगळ्या लिप्यांचं एन्कोडिंग) डिकोड, म्हणजे बाइटचा पुन्हा मजकूर. मराठी पत्त्याशी लॅटिनचा काय संबंध? परवा पुन्हा तेच विचारलं गेलं, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो.

डब्ल्यूएसजीआय हा पायथनमधल्या वेब सर्व्हर आणि ॲप यांच्यातला करार. फिलिप जे. एबी यांनी २००३ मध्ये पेप ३३३ (पेप म्हणजे पायथनसाठीचा क्रमांक दिलेला प्रस्ताव) म्हणून तो मांडला. पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटच, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आलं, बाइट आणि मजकूर यांची फारकत झाली, आणि करारात जिथे जिथे ‘स्ट्रिंग’ होतं तिथे तिथे प्रश्न उभा राहिला.

सगळंच बाइटमध्ये द्यावं, असं म्हणणारे होते. पेप ४४४ हा तर नवा करारच होता. पण सप्टेंबर २०१० मध्ये एबींनीच पेप ३३३३ लिहिला तो कमीत कमी बदल करून. बॉडी (प्रत्यक्ष आशय) फक्त बाइटमध्ये; हेडर, स्टेटस आणि एन्व्हायरनमधली (सर्व्हर ॲपला देतो तो विनंतीच्या माहितीचा कोश) पाथ-इन्फोसारखी सीजीआय मूल्यं मात्र त्या त्या आवृत्तीच्या स्वतःच्या एसटीआर, म्हणजे स्ट्रिंग प्रकारात. अट एकच, त्यात लॅटिन-१ बाहेरचं चिन्ह नको. ही अट जुन्या करारातही होती, जायथनसारख्या (जावावर चालणारं पायथन) युनिकोड स्ट्रिंगवाल्यांसाठी.

मला हा निर्णय मनापासून पटतो. लॅटिन-१मध्ये २५६ बाइटना २५६ चिन्हं, एकास एक. कुठलाही बाइट आला तरी डिकोड अडत नाही आणि उलट फिरवलं की मूळ बाइट जसेच्या तसे हातात येतात. ‘पुणे’ यूटीएफ-८मध्ये १२ बाइट होतं. सर्व्हर त्याची १२ अनोळखी चिन्हं करून देतो. दिसायला भयंकर, पण एक वेलांटीही हरवत नाही. सर्व्हरने परस्पर यूटीएफ-८ गृहीत धरलं असतं, तर दुसऱ्या एन्कोडिंगमधला पत्ता आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच फुटला असता. कोणतं एन्कोडिंग हे ॲपलाच ठाऊक असतं, तेव्हा ठरवायचं कामही त्याचंच. शिवाय पायथन २ वरची पेप ३३३ पाळणारी ॲप आपोआप नव्या करारातही बसली. एवढ्या लोकांचं चालतं काम न मोडणं ही फार मोठी गोष्ट आहे.

जँगो किंवा फ्लास्क ही वेब फ्रेमवर्क वापरत असाल तर ही उलटापालट आत होऊन जाते. थेट डब्ल्यूएसजीआयवर लिहिताना मात्र रीडायरेक्टच्या लोकेशन हेडरमध्ये देवनागरी पत्ता पर्सेंट-एन्कोड करूनच (प्रत्येक बाइट % आणि दोन हेक्स अंकांनी लिहून) घाला. आणि कंटेंट-लेंथ (बॉडीत किती बाइट आहेत ते सांगणारं हेडर) बॉडी एन्कोड केल्यावर मोजा: ‘पुणे’ची स्ट्रिंग म्हणून लांबी ४ येते, जायला हवेत १२.