तुम्ही विचारलंत म्हणून: फ्यूजन येतंय, मग आत्ता सोलर कशाला?

मी कराडला घरांवर सोलर पॅनल बसवून देतो. आधी एमएस्सी फिजिक्स केलं, दोन वर्षं क्लासमध्ये शिकवलं, मग या धंद्यात पडलो. त्यामुळे टीव्हीवर "चीनने बनवला नकली सूर्य" टाइप बातमी येऊन गेली की दोन दिवसांत कोणीतरी मला गाठतंच, काय ओ ते फ्यूजन येतंय म्हणे, एकदा आलं की वीज फुकट, मग आत्ता लाखभर रुपये गच्चीवर कशाला घालायचे? परवा गल्लीतल्या आबांनी विचारलं. आबा साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय. माझं पोट पॅनलवर आहे, तेव्हा माझ्या बोलण्यातलं तेवढं वजा करून वाचा.

आधी एक गोष्ट, फ्यूजन थाप नाहीये. हायड्रोजनची दोन जड भावंडं, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, एवढी तापवायची की एकमेकांना ढकलायचं सोडून ती जुळतात, हेलियम बनतो, एक न्यूट्रॉन सुसाट बाहेर पडतो आणि त्या न्यूट्रॉनच्या वेगातच ८० टक्के ऊर्जा असते. इंग्लंडमधल्या जेट नावाच्या मशीनने २०२३ च्या ऑक्टोबरात पाचेक सेकंदांत ६९ मेगाज्यूल काढले, आणि इंधन किती लागलं तर ०.२ मिलिग्रॅम. मिठाचे दोन-चार कण म्हणा. हे वाचलं तेव्हा मी खरंच खुर्चीवरून उठलो होतो.

आता तेच ६९ मेगाज्यूल आपल्या मीटरच्या भाषेत सांगतो. ३.६ मेगाज्यूल म्हणजे एक युनिट, म्हणजे झाले १९ युनिट. तेही वीज नव्हे, उष्णता. आबांच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सिस्टिम बसलं तर कडक उन्हात दिवसाला १२ युनिट निघतात, म्हणजे तो जागतिक रेकॉर्ड आबांच्या गच्चीचा दीड दिवस. आणि ते मशीन तापवायला जेवढी ऊर्जा आत घातली ती बाहेर आलेल्यापेक्षा जास्तच होती. अमेरिकेतल्या लेसरवाल्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये २.०५ मेगाज्यूल लेसर मारून ३.१५ मेगाज्यूल काढले, जगभर पेढे वाटले गेले आणि ते बरोबरच होतं, पहिल्यांदाच आत गेल्यापेक्षा जास्त बाहेर आलं होतं. फक्त ते लेसर पेटवायला भिंतीतल्या सॉकेटमधून साधारण ३०० मेगाज्यूल ओढले होते, ते बातमीत खाली बारीक अक्षरात. आणि चीनवाल्यांनी जानेवारी २०२५ मध्ये १०६६ सेकंद केलं ते प्लाझ्मा, म्हणजे तो भयंकर तापलेला वायू, धरून ठेवण्याचं काम आहे, भारीच आहे, पण वीज काढलेली नाही.

आबा म्हणाले, सूर्याला जमतं मग आपल्याला का नाही. तर सूर्य याबाबतीत अगदी आळशी आहे. त्याच्या गाभ्यातला एक घनमीटर घेतला तर त्यातून पावणेतीनशे वॅट निघतात, म्हणजे तीन-चार सीलिंग फॅन, आपला शेणखताचा उकिरडा आतून तापतो ना, साधारण तेवढंच. सूर्याचं सगळं चालतं ते आकारावर. आपल्याकडे तो आकार नाही, म्हणून आपल्याला त्याच्या दहापट तापवावं लागतं, सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तर इथे १५ कोटी. आणि ते मेदूवड्याच्या आकाराच्या भांड्यात चुंबकांनी अधांतरी धरायचं, ज्या चुंबकांना स्वतःला उणे २६९ अंशावर ठेवावं लागतं. मधे अंतर काही मीटर. एमएस्सीच्या ट्रिपला गांधीनगरच्या प्लाझ्मा रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये 'आदित्य' हे मशीन बघितलं होतं, १९८९ पासूनचं. भांडं छोटं आणि भोवतीचा पसारा केवढा, तेव्हाच जरा अंदाज आला होता.

किराणा दुकानात पाटी असते बघा, "आज रोख उद्या उधार". उद्या गेलो तरी पाटी तीच. फ्यूजनचं तसंच चाललंय, आणि या पाटीवर पहिल्या पहिल्यांदा लिहिणाऱ्यांमध्ये आपलाच माणूस होता. १९५५ ला जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली मोठी परिषद भरली, अध्यक्ष होमी भाभा, आणि त्यांनी भाकीत केलं की दोन दशकांत ताब्यातलं फ्यूजन जमेल. म्हणजे १९७५. आता फ्रान्समध्ये कादाराश इथे आयटर नावाचं मोठं फ्यूजन मशीन बऱ्याच देशांनी मिळून बांधतायत, त्यात भारत भागीदार आहे, त्याचं ३८५० टनांचं बाहेरचं स्टीलचं थर्मास, क्रायोस्टॅट म्हणतात त्याला, ते हझिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने बनवून तुकड्यातुकड्यांनी पाठवलं, अभिमान वाटावा असंच काम. पण त्याचंही पहिल्या प्लाझ्माचं २०२५ चं टाइमटेबल हुकलं आणि २०२४ च्या नव्या टाइमटेबलप्रमाणे संशोधन सुरू होणार २०३४ ला, खरं इंधन पडणार २०३९ ला. एवढं करून ५० मेगावॅट तापवायला घालून ५०० मेगावॅट उष्णता काढायची, आणि वीज? शून्य. टर्बाइनच नाहीये त्याला, तो प्रयोग आहे. प्रायव्हेट कंपन्या लवकर म्हणतात, एकीने मायक्रोसॉफ्टला २०२८ पासून वीज द्यायचा करारही केलाय. झालं तर मी पेढे वाटीन, पण त्या भरवशावर मी कोणाचं क्वोटेशन थांबवणार नाही.

पण माझा खरा मुद्दा तारखेचा नाहीच. समजा उद्या सकाळी जमलं. तरी वीज फुकट का होईल? आबांना हे लगेच कळलं कारण त्यांचं आयुष्य बॉयलरजवळ गेलंय. फ्यूजन म्हणजे शेवटी काय, न्यूट्रॉन भिंतीत थांबवायचा, भिंत तापवायची, पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं. कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून को-जनची वीज निघते तेच, चंद्रपूरला कोळसा जाळून २९२० मेगावॅट तेच, तारापूरला १९६९ पासून युरेनियमवर तेच. फक्त चुलीत काय घालायचं ते बदललं. कारखान्याला बगॅस घरचंच, तरी को-जनसाठी कर्ज काढावं लागलंच की, आबांनी स्वतःच सांगितलं. आणि फुकट इंधन बघायचं तर लांब कशाला जायचं, कोयना इथे हाताशी आहे. पाण्याला कोणी बिल लावत नाही, पण धरण, डोंगरातले बोगदे, पोफळीचं जमिनीखालचं पॉवरहाऊस, विस्थापित झालेली गावं, ही किंमत आहे. सूर्यही फुकटच आहे, माझ्या क्वोटेशनमध्ये तरी काचेचे आणि स्ट्रक्चरचे पैसे असतात. इंधन फुकट असलेली वीज आपल्याकडे आहेच, पैसे लागतात ते ती पकडायला. आणि १५ कोटी अंश पकडणारं भांडं स्वस्तात मिळेल असं मला तरी वाटत नाही.

इंधनही तसं फुकट नाहीच. ड्यूटेरियम समुद्रात भरपूर, पण ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाही, बारा वर्षांत निम्मं संपतं, आणि जगात आहे तो साठा किलोंत मोजायचा, टनात नाही, तोही बराचसा हेवी वॉटर अणुभट्ट्यांतून आलेला. म्हणून प्लांटने भिंतीत लिथियम ठेवून स्वतःचं ट्रिटियम स्वतः बनवायचं असा बेत आहे. विरजण लावताना कालच्या दह्यातलं चमचाभर राखून ठेवतो तसं. पूर्ण प्लांटच्या मापाने हे अजून कोणी करून दाखवलेलं नाही.

मग फ्यूजन कशाला हवं? रात्रीसाठी, आणि जुलैसाठी. माझं पॅनल रात्री झोपतं, आणि आपल्याकडे पाऊस लागला की १२ युनिटचे चार-पाच होतात, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. संध्याकाळी सात वाजता सगळ्यांचे पंखे-टीव्ही लागतात तेव्हा कोयना धावून येते, पण पश्चिमेकडे सोडायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरलेलं, बाकी रात्र बहुतेक कोळशावर. ती कोळशाची जागा फ्यूजनने घेतली तर राख नाही, धूर नाही, आणि अणुभट्टीसारखं वितळण्याचं भय नाही कारण काही बिघडलं की प्लाझ्मा आपोआप विझतो, पेटता ठेवणं हीच तर मारामारी आहे. भिंती किरणोत्सारी होतात, पण निस्तरायचा काळ शंभरेक वर्षांचा, हजारो वर्षांचा नाही. जैतापूरला लोकांची जी भांडणं होती त्यातली बरीचशी इथे लागू होणार नाहीत, जागेचं भांडण सोडून, ते कुठेही होतं. म्हणजे फ्यूजनचं भांडण असलंच तर चंद्रपूरशी आहे, तुमच्या गच्चीशी नाही. शेतातल्या पंपाला दिवसा वीज मिळावी, रात्री बिबट्याच्या भीतीत दारं धरायला जायला लागू नये, यासाठी शेताशेजारचं सोलर फीडर जे आज करतंय ते करायला २०३९ ची गरज नाही.

हिशोब तर सोपाच आहे, ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी, उरलेले पैसे माझ्या गिऱ्हाइकांचे चार-पाच वर्षांत वसूल होतात, पॅनल पंचवीस वर्षं चालतं. आयटरमध्ये खरं इंधन पडेल तोवर ते फिटून बरीच वर्षं झालेली असतील.

आबांनी बसवलं शेवटी. चारनंतर शेजारच्या नारळाची सावली येते म्हणून दोन पॅनल सरकवावी लागली. मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला त्यांचा फोन, मला वाटलं इन्व्हर्टर ट्रिप झाला. तर म्हणाले, "अरे ते भिंतीत लिथियम घालतात म्हणालास, ती भिंत न्यूट्रॉन खाऊन खराब होत नाही का? आमच्या बॉयलरच्या ट्यूबा पण बदलाव्या लागायच्या." म्हटलं आबा, होते, आणि ती आतून रोबोटने बदलायची आहे. पलीकडे थोडा वेळ शांत, मग म्हणाले, "म्हणजे तिकडं पण ऑफ सीझन लागणार."