आईवडिलांना अमेरिकेला पाठवणाऱ्यांसाठी

माझं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ छोटंसं ऑफिस आहे, पासपोर्ट, व्हिसाचे फॉर्म, एज्युकेशन लोनच्या फाइली असली कामं मी करते. साताऱ्यातून, कोरेगाव-वाईकडून अमेरिकेला जाणारी माणसं सारखी येत असतात, कोणाचा मुलगा एमएसला चाललाय, कोणाच्या मुलीचं बाळंतपण आहे म्हणून आईवडील सहा महिन्यांसाठी चाललेत. फॉर्म भरून झाला, मुंबईची तारीख मिळाली की जरा निवांत बोलणं होतं आणि त्यात एक प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा काकू विचारतात, आवाज बारीक करून, "तिकडं त्या काळ्या लोकांची भीती नाही ना गं?" आणि शेजारचे काका लगेच, "काही नसतं आता तसलं, ओबामा प्रेसिडेंट झाला की, वर्णभेद वगैरे सगळं जुनं झालं."

आता बघा, एकाच घरात एक जण म्हणतोय वर्णभेद संपला आणि दुसरं माणूस कधी न बघितलेल्या लोकांना नुसत्या रंगावरून भितंय, आणि दोघांनाही यात काही खटकत नाही. मला खटकतं, म्हणून हे लिहितेय. माझं म्हणणं असं आहे की अमेरिकेत वर्णभेद आजही आहे, चांगला घट्ट आहे, आणि आपल्याला तो दिसत नाही कारण आपण अमेरिका फक्त आपल्या पोरांच्या पगारावरून बघतो.

काकूंना मी सुरेशभाई पटेलांची गोष्ट सांगते. फेब्रुवारी २०१५, अलाबामा राज्यातलं मॅडिसन गाव. सुरेशभाई ५७ वर्षांचे, गुजरातहून मुलाकडे आलेले, नातवाला सांभाळायला. सकाळी घराबाहेर फिरत होते, आपल्याकडं अजिंक्यताऱ्यावर अर्धं सातारा फिरतं तसंच. शेजारच्या एकानं पोलिसांना फोन केला की एक बारीकसा काळा माणूस फिरतोय, याला इथं कधी बघितलं नाही. पोलीस आले, प्रश्न विचारायला लागले, सुरेशभाईंना इंग्रजी येत नव्हतं, ते "नो इंग्लिश", "इंडिया" एवढंच म्हणत होते आणि घराकडं हात दाखवत होते. एका पोलिसानं त्यांचे हात मागं धरले आणि पाय मारून तोंडावर जमिनीवर पाडलं. मणक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, शरीर काही अंशी लुळं पडलं. हे सगळं पोलिसांच्याच गाडीच्या कॅमेऱ्यात आलंय. राज्याच्या गव्हर्नरनं भारताच्या कॉन्सुलेटला माफीचं पत्र पाठवलं. त्या पोलिसावर फेडरल कोर्टात दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये जजनी त्याला सोडून दिलं.

म्हणजे ज्यांची आपण भीती बाळगून जातो, त्यांच्यातलेच एक समजून आपल्या माणसाला पाडलं. फोन करणाऱ्याला भारतीय आणि ब्लॅक यातला फरक कळला नाही हा मुद्दाच नाही, तो माणूस खरोखर ब्लॅक असता तर त्याला पाडणं बरोबर ठरलं असतं का? सकाळी सकाळी रस्त्यानं चालण्यात गुन्हा काय? तेव्हापासून मी फाइलमध्ये सगळ्यांना एक कार्ड करून देते, मुलाचं नाव, पत्ता, फोन, "मला इंग्रजी येत नाही, कृपया या नंबरवर फोन करा" असं इंग्रजीतून, आणि पासपोर्टची झेरॉक्स. काही जण म्हणतात कशाला उगीच घाबरवता. घाबरवत नाही हो, पण एका वडिलांच्या बाबतीत झालंय ते माहीत असताना गप्प कसं बसायचं.

आणि हे आपल्या माणसाचं आहे म्हणून आपल्यापर्यंत पोचलं तरी. २३ फेब्रुवारी २०२० ला जॉर्जिया राज्यात अहमॉद आर्बरी नावाचा २५ वर्षांचा पोरगा जॉगिंग करत होता, तीन गोऱ्या माणसांनी पिकअप गाड्यांतून त्याचा पाठलाग केला आणि त्यातल्या एकानं गोळी घालून मारलं. का तर त्यांना तो चोर वाटला. दोन महिन्यांहून जास्त काळ कोणाला अटक नाही, मे महिन्यात व्हिडिओ बाहेर आला तेव्हा हालचाल झाली. त्याच मे मध्ये, २५ तारखेला, मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलीस नऊ मिनिटांवर गुडघा ठेवून बसला, ते तर सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंय.

काका म्हणतात असल्या घटना कुठंही होतात, कायदे बदललेत ना? बदललेत, खरंय. १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट, म्हणजे वर्णावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा, १९६५ चा मतदानाचा कायदा. १९६७ पर्यंत तिकडच्या कितीतरी राज्यांत गोऱ्या आणि ब्लॅक माणसानं लग्न करणं गुन्हा होता, तो सुप्रीम कोर्टानं काढून टाकला. आर्बरीला मारणाऱ्या तिघांना खुनासाठी जन्मठेप झाली आणि वर वंशद्वेषाच्या गुन्ह्यातही दोषी धरलं, फ्लॉइडला मारणाऱ्या पोलिसाला साडेबावीस वर्षं झाली, आधी असं सहसा होत नव्हतं. हे मी मनापासून मानते, रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी ते मिळवलंय. पण कायदा बदलला म्हणून आधी झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा माझ्या कामातून जास्त कळलंय.

एज्युकेशन लोनची फाइल बघा. साडेसात लाखाच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते. मग घराचा उतारा आणा, वकिलाचा सर्च रिपोर्ट आणा, व्हॅल्युएशन आणा. ज्या पोराच्या आजोबांनी शाहूपुरीत किंवा गोडोलीत कधीकाळी चार पैसे टाकून प्लॉट घेऊन ठेवला त्या पोराची फाइल सरकते, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही तो कितीही हुशार असो, माझ्यासमोर खुर्चीत बसून राहतो. पोराची हुशारी तीच, फरक आजोबांच्या कागदाचा. आता अमेरिकेत काय झालं ते ऐका. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन नावाच्या सरकारी संस्थेनं दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे काढले, आणि जिथं ब्लॅक लोक राहतात ते भाग लाल रंगवले, लाल म्हणजे इथं कर्ज देणं धोक्याचं. १९३४ ला फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन आलं, ते बँकेला हमी द्यायचं की कर्ज बुडालं तर आम्ही बघतो, त्यामुळं साध्या नोकरदार माणसालाही कमी हप्त्यावर लांब मुदतीचं कर्ज मिळायला लागलं. पण ही हमी मिळायची गोऱ्यांच्या वस्तीला, ब्लॅक वस्तीला नाही. हे कितीतरी वर्षं चाललं, शेवटी १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर आठवड्याभरात फेअर हाउसिंग ॲक्टवर, म्हणजे घराच्या बाबतीत भेदभावाला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली.

म्हणजे गोऱ्या आजोबांचं घर झालं, त्या घराची किंमत वाढली, त्यावर मुलं शिकली, ब्लॅक आजोबा तीच नोकरी करून आयुष्यभर भाडं भरत राहिले. वर परत तिकडं शाळांना पैसा बराचसा त्या त्या भागातल्या घरपट्टीतून येतो, म्हणजे घरं स्वस्त तर शाळाही गरीब. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिकडच्या मध्यवर्ती बँकेच्या, २०२२ च्या पाहणीत मधल्या (गरीब ते श्रीमंत अशी रांग लावली तर बरोबर मध्ये येणाऱ्या) गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर आणि मधल्या ब्लॅक कुटुंबाची ४५ हजाराच्या आसपास. सहापटीचा फरक. हा आळशीपणाचा आकडा नाहीये, हा आजोबांना न मिळालेल्या कर्जाचा आकडा आहे, निदान त्यातला मोठा भाग तरी. आपली माणसं सुट्टीला आली की सांगतात "ते लोक शिकतच नाहीत, वेल्फेअरवर, सरकारी मदतीवर जगतात", तेव्हा मला फार राग येतो, कारण सांगणाऱ्याचं स्वतःचं कर्ज वडिलांच्या घरावर झालेलं असतं आणि ती फाइल कधीकधी मीच केलेली असते.

बरं, शिकून पुढं आलेल्याचं तरी काय? बोस्टन आणि शिकागोत दोन अर्थतज्ज्ञांनी, त्यातले एक सेंधिल मुल्लैनाथन, तमिळनाडूत जन्मलेले, सुमारे पाच हजार खोटे बायोडेटा कंपन्यांना पाठवले. शिक्षण, अनुभव एकसारखा, फक्त काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांची वाटणारी नावं, काहींवर लकिशा, जमाल. २००४ ला निकाल छापून आला, गोऱ्या नावांना ५० टक्के जास्त फोन आले. आपल्याकडं भाड्यानं फ्लॅट बघायला गेल्यावर पहिल्यांदा आडनाव का विचारतात हे ज्याला माहीत आहे त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

बाळंतपणाला जाणाऱ्या काकूंना मी अजून एक सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जन्मांमागं ब्लॅक आयांचे मृत्यू ६९.९ आणि गोऱ्या आयांचे २६.६, हे त्यांच्याच सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आकडे. आणि हे फक्त गरिबीमुळं असंही नाही, कॉलेज शिकलेल्या ब्लॅक बाईचा धोका शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त निघालाय. सेरेना विल्यम्स माहीत आहे ना, टेनिसवाली, २०१७ ला तिला मुलगी झाली, दुसऱ्या दिवशी श्वास लागायला लागला, तिला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आधीपासून होता म्हणून ती सांगत होती की स्कॅन करा, तर नर्सला वाटलं औषधामुळं गोंधळलीय. शेवटी स्कॅन केलं, फुफ्फुसात गुठळ्या निघाल्या. एवढ्या पैशाची, एवढ्या नावाची बाई, तिला ही गत, तर साध्या बाईचं कोण ऐकतं?

आता आपल्या लोकांचं. आपण तिकडं पोचलोच कसे हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे. १९२३ ला भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हिंदुस्तानी माणूस गोरा धरता येत नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाही, आणि ज्यांना आधी मिळालेलं त्यातल्या बऱ्याच जणांचं काढून घेतलं. १९४६ ला दार उघडलं ते वर्षाला शंभर माणसांपुरतं. खरं दार उघडलं १९६५ च्या इमिग्रेशनच्या कायद्यानं, आणि तो कायदा आला सिव्हिल राइट्सच्या लाटेत, ब्लॅक लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन देशाचं मन वळवलं त्याच वर्षांत. साताऱ्याचा पोरगा आज टेक्सासात घर घेतो त्याच्या मागं हे आहे. आणि तो म्हणतो "आम्ही आमच्या मेहनतीवर आलो". मेहनत आहेच, मी बघितलीय, रात्र रात्र जागून अभ्यास केलेली पोरं माझ्या समोरची आहेत. पण मेहनत १९२३ च्या माणसांनीही केली होती.

आणि घर घेतलं म्हणून आपण सुटलो असंही नाही. २०१७ ला कॅन्सस राज्यात ओलेथला श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनिअरला एका गोऱ्यानं "माझ्या देशातून चालते व्हा" म्हणत गोळी घालून मारलं, मारणाऱ्याला ते इराणी वाटले होते. त्याला अडवायला उठला तोही एक गोराच तरुण होता, त्यालाही गोळी लागली. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर आपण परत सगळ्या गोऱ्यांना एका मापानं मोजायला लागू.

ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते म्हणजे आपण इथली जात सामानात भरून तिकडं नेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर, ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसंच बिल विधिमंडळात पास झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनं ते अडवलं, म्हणाले आहेत ते कायदे पुरेसे आहेत. बिलाच्या विरोधात ज्या सगळ्यात जोरात उभ्या होत्या त्यात आपल्याच भारतीय लोकांच्या संघटना होत्या.

अहो, आपल्या जिल्ह्याचं तर या विषयाशी जुनं नातं आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. १८७३ ला त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून, तिकडं गुलामगिरी जाऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. व्हिसा नाही, मोबाईल नाही, पुण्यात बसून त्या माणसाला दिसलं की हे दुखणं आणि आपलं दुखणं एकाच जातीचं आहे. आणि बाबासाहेब, राजवाड्याजवळच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव घातलं, तिथून पुढं ते १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला गेले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस या मोठ्या ब्लॅक विचारवंताला पत्र लिहिलं, की अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांनी युनोकडं अर्ज केलाय असं कळलं, त्याच्या प्रती मला मिळतील का, तुमच्या लोकांची आणि आमच्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की त्याचा अभ्यास आम्हाला गरजेचाच आहे. ड्युबॉईसनी लगेच उत्तर दिलं, तुमचं नाव मी ऐकून आहे, लागेल ती मदत करीन म्हणून.

७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस करतो, भाषणं होतात, हार घालतात. त्या दिवशी ही दोन पत्रं मराठीत करून मुलांना वाचून दाखवली पाहिजेत असं मला फार वाटतं, कारण त्यातलीच कितीतरी पोरं पुढं फाइल घेऊन माझ्याकडं येणार आहेत. ओळखीच्या एक-दोन शिक्षकांशी बोलणं चालू आहे, साताऱ्यात कोणाला यात मदत करायची असेल तर दुपारनंतर ऑफिसला या, मी असतेच.